कॉप्या घरी आणू नकोस

अगं, आधी एक गोष्ट कानावर घालते. तू आळशी झालेली नाहीस, आणि दुष्ट तर अजिबातच नाहीस. फोनवर तू म्हणालीस ना, ‘ताई, मला आता पोरं आवडतच नाहीत गं’, ते ऐकून मी दचकले नाही. उज्जैनच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी कितीजणींच्या तोंडून ऐकलंय. कुणी हसण्यावारी नेऊन म्हणते, कुणी डबा खाता खाता. आणि जी सगळ्यात जीव ओतून शिकवायची, बहुतेक वेळा तीच आधी म्हणते. जिला मुळातच काही देणंघेणं नव्हतं ती कशाला कोमेजेल? ती पंचवीस वर्षं एकाच वहीतून फळ्यावर उतरवते आणि निवृत्तीच्या दिवशी शाल-श्रीफळ घेऊन सुखानं घरी जाते.

तुझं काय होतंय ते सांगू? सकाळी शाळेचं फाटक दिसलं की पोटात गोळा येतो. तिसऱ्या तासाला एखादं पोर वही घेऊन टेबलाशी येतं, ‘मॅडम, बघा ना, मी एकट्यानं केलं’, आणि तू न बघताच लाल पेनानं सही ठोकतेस. त्याचं अक्षर सुधारलंय हे तुला संध्याकाळी भांडी लावताना आठवतं. वर्गातल्या प्रत्येकाला नावानं हाक मारणारी तू, आता ‘ए, रोल नंबर चौदा’ म्हणतेस. पालकसभेत एखादी आई डोळ्यांना पदर लावते तेव्हा मनात येतं, आटप गं बाई, मागे रांग आहे. मग रात्री त्याचीच लाज वाटते आणि झोप लागत नाही.

याला हल्ली सगळे बर्नआउट म्हणतात. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर नावाच्या मानसतज्ज्ञानं यावर पहिल्यांदा लिहिलं. तो न्यूयॉर्कमधल्या एका मोफत दवाखान्यात काम करायचा आणि तिथले सगळ्यात तळमळीचे कार्यकर्तेच आधी गळून पडताना त्यानं पाहिले. पुढे १९८१ मध्ये क्रिस्टिना मास्लाक आणि सुझन जॅक्सन या दोघींनी हे मोजायची प्रश्नावली केली. त्यांनी तीन गोष्टी वेगळ्या काढल्या. एक, मन रिकामं होईपर्यंतचा थकवा. दुसरी, समोरच्या माणसाबद्दल येणारा कोरडेपणा. आणि तिसरी, ‘माझ्याकडून काही होतच नाही’ ही भावना. माझं मत विचारशील तर यातल्या दुसरीवर डोळा ठेव. थकलेली बाई सगळ्यांना दिसते, ती स्वतःही सांगते. माया आटत चाललेली मात्र कुणाला दिसत नाही, उलट बाहेरून ‘मॅडम किती कडक शिस्तीच्या’ अशी वाहवा होते.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये हे आपल्या यादीत घातलं, पण आजार म्हणून नव्हे. कामाच्या ठिकाणचा सततचा ताण नीट हाताळला गेला नाही की जे होतं ते, असं त्याचं वर्णन केलं. हे तू नीट ऐक, कारण घरी आणि शाळेत सगळे तुला तुझ्यातच खोट शोधायला सांगणार आहेत. योगा कर, सकारात्मक विचार कर, पहाटे उठ. अगं, पहाटे तर तू उठतेसच, डबे कोण करतं?

साध्या थकव्याची खूण सोपी आहे. दिवाळीच्या सुट्टीत झोप काढली, दोन दिवस माहेरी जाऊन आलीस की तो उतरतो. बर्नआउट तसं उतरत नाही. सुट्टी संपून दुसऱ्याच दिवशी जर तू पुन्हा तिथेच असशील, तर झोपेनं भागणारं ते दुखणं नाही. मग कामाकडे बघायला हवं.

तर आपल्या गावचं काम बघू. सत्र सुरू होतं १ एप्रिलला, ऊन तापायला लागतं तेव्हा. पुस्तकं अजून पोचायची असतात, पण प्रवेश, समग्र आयडी, आधार, शिष्यवृत्तीची पोर्टलं सगळी त्याच महिन्यात. सरकारी शाळेत असशील तर ‘हमारे शिक्षक’ ॲपवर हजेरी, म्हणजे वर्गात शिरण्याआधी नेटवर्क शोधत अंगणात फिरणं. २०२५ च्या नोव्हेंबरात मतदारयाद्यांची विशेष सखोल फेरतपासणी आपल्या राज्यात सुरू झाली, तेव्हा बीएलओ, म्हणजे बूथपातळीवरच्या मतदारयादी-अधिकारी, असलेल्या किती शिक्षिका गल्लीगल्लीतून फॉर्म घेऊन हिंडत होत्या ते तू पाहिलंस. ही बीएलओगिरी वर्षभराची, आणि मानधन वर्षाचं १२,०००. तेही २०२५ मध्ये दुप्पट झालं तेव्हा. आता जनगणना आहे. घरयादी २०२६ मध्ये, प्रत्यक्ष गणना २०२७ च्या फेब्रुवारीत, नेमकी बोर्डाच्या परीक्षांच्या तोंडावर. आणि २०२८ ला सिंहस्थ. तेव्हा गावाचंच वेळापत्रक साधूंच्या मुक्कामाभोवती फिरेल, शाळांचं कसं चुकेल?

खाजगी शाळेतल्या मैत्रिणी म्हणतील, आमच्याकडे हे नाही. बरोबर, त्यांच्याकडे व्हॉट्सॲप आहे. रात्री साडेनऊला ‘मॅडम, उद्या पिवळा ड्रेस आहे का?’ आणि ॲन्युअल डेच्या आधीचा महिनाभर शिकवण्यापेक्षा नाच बसवणं जास्त. अतिथी शिक्षिकेचं तर बोलायलाच नको. तिला सगळं करायचं असतं आणि पुढच्या सत्रात आपण असू की नाही हेही ठाऊक नसतं. तिघींचं जळणं वेगळं आहे. सल्ला देताना सगळ्यांना एकाच माळेत ओवतात त्याचा मला राग येतो.

श्रावणातली गंमत तर फक्त आपल्याकडेच घडू जाणे. इथला श्रावण आपल्या मराठी पंचांगापेक्षा पंधरा दिवस आधी लागतो, आणि दर सोमवारी निघणाऱ्या महाकालाच्या पालखी-सवाऱ्या थेट आपल्या श्रावण अमावास्येपर्यंत, म्हणजे इथल्या अर्ध्या भादोंपर्यंत चालतात. २०२४ मध्ये जिल्हा प्रशासनानं आदेश काढला की या सोमवारी शाळांना सुट्टी आणि त्याबदली रविवारी शाळा. पुढच्या वर्षीही तेच. आता यात चूक कुणाची म्हणणार? पालखी गोपाळ मंदिरापाशी असताना स्कूलबस कुठून काढायची? पण शिक्षिकेच्या घरात काय होतं ते बघ. नवऱ्याला सुट्टी रविवारी, तिला सोमवारी. सोमवारी सकाळपासून इंदूरचे, देवासचे पाहुणे सवारीला म्हणून दारात हजर. साबुदाणा भिजलेला, शेंगदाणे भाजायचे, वर ‘आज तुझी सुट्टीच आहे ना?’ संध्याकाळी डमरूचा आवाज येतो, सगळे दर्शनाला धावतात आणि ती ओट्याशी ताटं विसळत असते. मंगळवारी शाळा. कागदावर आठवड्याची एक सुट्टी शाबूत आहे. खरं तर तिला एकही मिळालेली नाही.

या दिवसांत एक ठरवून टाक. पाहुण्यांना उपासाची थाळी बाहेरून मागव. सासूबाई नाक मुरडतील. मुरडू देत.

दुसरं ओझं दिसत नाही, ते गुरुपौर्णिमेचं. आपण सांदीपनींच्या गावात राहतो. अंकपातात त्यांचा आश्रम, तिथे कृष्णानं पाटी धुतली म्हणतात. राज्यातल्या सीएम राइज शाळांनाही २०२५ पासून सांदीपनींचंच नाव दिलंय. नाव चांगलं आहे. पण चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून जाणारा विद्यार्थी मिळाला तर कोण थकेल गं? आणि ऋषींच्या वर्गात पन्नास मुलं नव्हती, पोर्टल तर नव्हतंच. एक दिवस पायांवर डोकी ठेवायची आणि उरलेलं वर्ष ‘मास्तरांना काय, अर्ध्या दिवसाची नोकरी’ म्हणायचं, हे आपल्या समाजाला छान जमतं. त्यातून तुझ्यासारख्या मुलीच्या मनात बसतं की थकले असं म्हणणं म्हणजे गुरुपदाला बट्टा.

मास्तरकीत झिजलेल्या एका मोठ्या माणसाचं बघ. कवी गजानन माधव मुक्तिबोधांना हिंदीवाले डोक्यावर घेतात, पण घर आपलं मराठी. धाकटे भाऊ शरच्चंद्र मराठीतले कवी. गजाननरावांनी बडनगर, शुजालपूर, उज्जैन अशा शाळांमधून मास्तरकी केली. तुटपुंज्या पगाराची, आज इथे तर उद्या तिथे. १९५८ मध्ये राजनांदगावच्या कॉलेजात जरा स्थिर झाले आणि १९६४ च्या सप्टेंबरात गेले, सत्तेचाळिशीही पुरी झाली नव्हती. मोठा माणूस होता, पण शाळेनं त्यांचंही फार काही शिल्लक ठेवलं असं मला वाटत नाही. म्हणून सांगते, पवित्र काम आहे म्हणून हवं तितकं ओढून घ्या, असं म्हणणाऱ्या कुणाचं ऐकू नकोस.

मग करायचं काय? पहिल्यांदा एक साधी वही घे आणि दोन आठवडे फक्त लिही, किती वेळ कशात गेला. शिकवणं, तयारी, कॉप्या म्हणजे मुलांच्या वह्या तपासणं, पोर्टल, फोन, ड्यूटी. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकाचा आठवडा किमान ४५ तासांचा धरलाय, तोही तयारीचे तास धरून. हे फार कमी जणींना माहीत असतं. तयारी म्हणजे तुझा घरचा अभ्यास नव्हे, ते नोकरीतलं काम आहे. बेरीज केलीस की दोन गोष्टी होतील. एक तर तुझा अपराधी भाव निम्मा होईल. दुसरं, कशाला हात घालायचा ते कळेल, कारण सगळं एकदम कमी होत नसतं.

माझा अंदाज, सगळ्यात मोठा आकडा कॉप्यांचा निघेल. त्या घरी आणणं बंद कर. म्हणजे कसं, ते सांगते. प्रत्येक वहीतली प्रत्येक चूक लाल करायची ही आपल्या बायकांची जुनी खोड आहे. मुलं ती लाली बघतही नाहीत, खालचा शेरा बघतात आणि वही मिटतात. या आठवड्यात फक्त विरामचिन्हं बघायची, पुढच्या आठवड्यात फक्त परिच्छेद कुठे तोडलाय ते. मुलांना तसं आधीच सांगायचं. गणितात उत्तर फळ्यावर लिहून शेजाऱ्याची वही तपासायला द्यायची आणि तू वर्गात फिरत ज्या चार-पाच मुलांचं अडलंय त्यांच्याजवळ बसायचं. वह्यांचे पाच गठ्ठे कर, वारांना वाटून टाक, म्हणजे एका दिवशी दहा वह्या आणि त्याही मोकळ्या तासाला. शाळेनं पूर्ण तपासणीचा नियम केला असेल तर तिमाहीतून एकदा तसं कर आणि बाकी वेळी हे. मुख्य म्हणजे आपण असं का करतोय ते इन्चार्जना आधी सांगून ठेव. नंतर सापडल्यावर दिलेलं कारण बहाणा वाटतो.

शिकवण्याबाहेरच्या कामाला तोंडी ‘नाही’ म्हणू नकोस, ते कधीच टिकत नाही. कागदावर म्हण. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ सांगतं की जनगणना, आपत्तीतली मदत आणि निवडणुकीची कामं सोडून शिक्षकाला दुसऱ्या बिगरशैक्षणिक कामाला लावायचं नाही. निवडणुकीचं कामही कसं द्यायचं, यावर सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये सेंट मेरीज शाळेच्या खटल्यात सांगितलंय, की मतदारयाद्यांचं काम सुट्टीच्या आणि बिगरशिकवणीच्या दिवशी द्यावं. २०२५ च्या डिसेंबरात त्याच न्यायालयानं राज्यांना बीएलओंसाठी जादा माणसं द्यायला आणि खरी अडचण असलेल्यांच्या सवलतीच्या अर्जांचा विचार करायला सांगितलं. म्हणजे अर्जाला जागा आहे. अर्ज साध्या हिंदीत, एका पानाचा, भाषण न करता. मला अमुक आजार आहे, किंवा माझ्या दहावीच्या वर्गाचा इतका अभ्यासक्रम बाकी आहे, आणि ही माझी ड्यूटी. शाळासंकुलाच्या कार्यालयात देऊन पावती घे. एकटीनं देण्यापेक्षा तिघींनी सह्या करून दिला तर तो वाचला जातो. ड्यूटी टळेलच असं मी म्हणत नाही. पण पुढच्या वेळी यादी करताना तुझं नाव आपोआप पहिलं येणार नाही. न बोलणाऱ्या बाईचं ते नेहमी पहिलं येतं.

अतिथी शिक्षिकेला आणि नवीन लागलेल्या खाजगी शिक्षिकेला हा सल्ला देताना माझी जीभ अडखळते. तिला नाही म्हणायची किंमत फार पडते. तिनं निदान इतकं करावं, की जुन्या एखादीला सोबत घ्यावं आणि स्वतःच्या तोंडून काही न म्हणता तिच्या तोंडून म्हणवावं. जुन्यांनी अशा वेळी पुढे व्हायचं असतं. आपल्या शाळांमध्ये ते होत नाही, उलट नको असलेली ड्यूटी गुपचूप तिच्याच गळ्यात मारतात. हे मी खूप बघितलंय.

स्टाफरूममध्ये एक तरी माणूस जोड, जिच्याशी तू पोरांबद्दल बोलशील. गाऱ्हाण्यांबद्दल नाही म्हणत मी. गाऱ्हाणी हवीतच, पण रोज अर्धा तास प्राचार्यांच्या नावानं खडे फोडले की तुम्ही दोघी अजून रिकाम्या होता. त्यापेक्षा ‘अगं, तो मागच्या बाकावरचा आज अपूर्णांक समजला म्हणून उडी मारत होता’ हे कुणाला तरी सांगायला मिळायला हवं. तिसरी गोष्ट सांगितली ना, माझ्याकडून काही होत नाही असं वाटणं? त्यावर माझ्या पाहण्यात इतकाच इलाज आहे. आपण शिकवतो त्याचं फळ लगेच दिसत नाही, म्हणून दिसलेला एवढासा तुकडा दुसऱ्या कुणाच्या तरी साक्षीनं बघायचा.

आणि तुझं स्वतःचं एक काहीतरी ठेव. वाकणकर सरांची गोष्ट या गावात सगळ्यांना ठाऊक आहे. भारती कला भवनात मुलांना चित्रकला शिकवणारा माणूस १९५७ मध्ये भीमबेटकाच्या गुहांपर्यंत पोचला, १९७५ मध्ये पद्मश्री झाला. तुला गुहा शोधायला जा असं म्हणत नाही मी. घरचा स्वयंपाक सोडून काहीही चालेल. वेधशाळेत दुपारी सावली बघत बस, गाणं शीक, क्षिप्रेवर नुसती चालून ये. अट एकच, त्याचा फोटो शाळेच्या ग्रुपवर टाकायचा नाही आणि त्यातून मुलांसाठी उपक्रम काढायचा नाही. आपल्या शिक्षकांच्या जातीला ती खाज फार असते.

ग्रुपवरून आठवलं. रात्री आठनंतर शाळेचे आणि पालकांचे ग्रुप मूक कर. पालकांना पहिल्याच सभेत सांग, की संदेशांना उत्तर सकाळी शाळेच्या वेळात मिळेल, तातडीचं असेल तर शाळेत फोन करा. पहिले पंधरा दिवस कुरकुर होईल. मग त्यांनाच सवय लागते. पिवळ्या ड्रेसवाचून कुणाचं शिक्षण अडलेलं मला माहीत नाही.

शरीराचं ऐक थोडं. तू शाळेत पाणी पीत नाहीस हे मला माहीत आहे, कारण बाथरूमची अवस्था मला माहीत आहे. पाणी नाही, वरून खडूची धूळ आणि पन्नास मुलांवर चढवलेला आवाज; फेब्रुवारीपर्यंत घसा बसतो आणि डोकं ठणकायला लागतं. बाथरूमसाठी सगळ्या बायकांनी मिळून प्राचार्यांकडे जा, लाजू नका. वर्ग शांत करायला ओरडण्याऐवजी डस्टर टेबलावर हळूच दोनदा वाजव आणि गप्प उभी राहा. मुलांना सवय होते, तुझा आवाज वाचतो. वर्षातून एकदा हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा तपासून घे. कधीकधी आपण मनाचं दुखणं समजतो ते रक्तातलं निघतं.

आता जरा गंभीरपणे सांगते. शाळेच्या बाहेरही, म्हणजे माहेरी, सणावाराला, आवडत्या माणसांतही जर काहीच गोड लागत नसेल, दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, आपण नसतो तर बरं असं मनात येत असेल, तर ते शाळेपुरतं राहिलेलं नाही. त्याला डॉक्टर हवा, ताईची बडबड नको. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, दिवसरात्र चालतो, नाव सांगितलंच पाहिजे असं नाही. फोनमध्ये आत्ता टाकून ठेव. स्वतःसाठी नको वाटत असेल तर शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीसाठी म्हणून टाक.

घरच्यांशी बोलायचं राहिलं. नवऱ्याला ‘मी थकले’ म्हणून सांगू नकोस, पुरुषांना त्याचं काय करायचं ते कळत नाही. ‘बुधवारची संध्याकाळची पोळी तुझी’ असं सांग. सासूबाईंना ती वही दाखव, तासांची. माझ्या ओळखीतल्या एका सासूबाईंनी बेरीज बघून ‘एवढं?’ म्हटलं आणि दुसऱ्या दिवसापासून दुपारचा चहा स्वतः करायला घेतला. सगळ्यांच्या नशिबी अशी सासू नसते, कबूल.

नोकरी सोडावी का, हे तू विचारलंस. थकलेल्या मनानं ते ठरवू नकोस, परीक्षेच्या महिन्यात तर नकोच. आधी हे सगळं एक सत्र करून बघ. वर्ग बदलून माग. सातवी सोडून तिसरी घेतली तरी माणूस पुन्हा उमलतो. शाळाच अशी असेल की कागद दिल्यावर तुलाच दटावतात, तर दुसरी शाळा बघ, उज्जैनमध्ये शाळांची वाण नाही. आणि शिकवणंच नको झालं असेल, तर सोड. खुशाल सोड. जग काहीही म्हणो, त्यात पाप नाही.

आणि उद्या तू इन्चार्ज होशील, होणारच आहेस, तेव्हा वेळापत्रक करताना नव्या मुलींना शेवटचे दोन तास लागोपाठ देऊ नकोस, आणि त्यांच्या वाटणीचा मोकळा तास दुसऱ्या कुणाच्या बदली वर्गाला सरसकट लावू नकोस.